मामींच्या बाजूची भिंत

रविवार, सकाळचे पावणेबारा
(तुमच्याच टेबलावरून)

तीर्थरूप मामा,

तुम्ही जिला नोंदवही म्हणता तिचा वाकून नमस्कार. (वाकले की हल्ली कंबरेत चमक निघते, तरी पूर्ण वाकले आहे. अर्धवट वाकून ‘वाकून’ लिहिणं मला जमलं नसतं.) तुमच्या पायाचं प्लास्टर निघाल्याचं ताईने फोनवर सांगितलं. घोटा अजून सुजतो का, काठी खरोखर घेता की ताई खोलीत आली की तेवढ्यापुरती हातात धरता, आणि झोप लागते का, हे तीन प्रश्न मी मागच्या पत्रात विचारले होते. तुम्ही तिन्हींना मिळून ‘उत्तम’ एवढं एकच उत्तर पाठवलंत. आमच्या ग्रंथालयात कोणी असा अर्ज भरून दिला तर मी तो परत करते. इकडे सर्व ठीक. तुमच्या कुंड्यांना वेळेवर पाणी मिळतं आहे. एक कुंडी गेली. ती मी किल्ली घेण्याआधीच जायच्या बेतात होती असं मला वाटतं, पण हे मी स्वतःच्या सोयीसाठी वाटून घेत असण्याची शक्यता आहे, म्हणून तसं दैनंदिनीत लिहिलेलं नाही.

पत्राचं कारण पहिल्याच ओळीत लिहिणार होते. पण तुम्ही पत्र उभ्याने वाचता. तेव्हा आधी कुठेतरी टेका. टेकलात? ताईला पाणी आणायला सांगा. (घाबरू नका. घाबरायची वेळ चार आठवड्यांपूर्वी येऊन गेली, आणि तुमच्या वाटणीचंही मीच घाबरून घेतलं.)

मामा, मी तुमचा कॉम्प्युटर बंद पाडला.

आता सगळं क्रमाने सांगते, कारण क्रम चुकला की माणूस स्वतःला सोयीचं तेवढंच सांगतो. झाडाचा फोटो काढताना तुम्ही स्टुलावरून पडलात आणि ताई तुम्हाला तिच्या घरी घेऊन गेली, तेव्हा पडद्याच्या चौकटीवर तुम्ही एक कागद चिकटवून गेलात. त्यातल्या सूचना मला पाठ आहेत. दर रविवारी अकरा वाजता यंत्र सुरू करणे (नाहीतर ते ‘गारठतं’, जुन्या स्कूटरसारखं). अर्ध्या तासाने बंद करणे, अपवाद नाही. याच्याखाली दोन रेघा. बटण बोटाने न दाबता पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबणे. आणि शेवटची, ‘हिचं’मध्ये जाऊ नये, मीही जात नाही.

मी एकही रविवार चुकवला नाही. कुलूप काढते, पायपुसण्यावर दोन वेळा पाय पुसते, मगच आत येते. घरात कोणी नसतं, पण तुम्हाला माहीत आहे, मामी आतल्या खोलीतून न बघता आधी ‘पाय पुसलेत का?’ विचारायच्या आणि मग कोण आलंय ते. टपालवाल्यालाही विचारायच्या. तुम्हाला तपासायला आलेले डॉक्टर तर परत मागे जाऊन पुसून आले होते. चार वर्षं झाली त्यांना जाऊन, तरी माझे पाय आपोआप थांबतात. मग यंत्रावरची मामींनी जुन्या पडद्याच्या कापडाची शिवलेली खोळ काढायची, पेन्सिल, बटण, आतला पंखा दोनदा खोकतो, आणि आपण समोरासमोर बसतो, यंत्र आणि मी, साडेअकरापर्यंत.

तर यंत्र दर रविवारी मला सांगायचं की ‘माझं’मध्ये, म्हणजे यंत्रातल्या तुमच्या भागात, जागा संपत आली आहे. मी तुम्हाला फोनवर कळवलं. तुम्ही म्हणालात, “कुरकुरतंय का? बघ जरा, तुला जमलं तर.” आणि थोडं थांबून, “नाहीतर राहू दे. तसंही आता परत येऊन मी कुणासमोर बसायचंय तिथे?” फोन ठेवल्यावर मी ही दोन्ही वाक्यं दैनंदिनीत उतरवून घेतली. पहिल्याचं काय करायचं ते माझ्या हातात होतं. दुसऱ्याचं काय करायचं ते सुचेना, म्हणून मी पहिल्याच्याच मागे लागले. आता वाटतं, मला जागा वाढवायचीच नव्हती. तुम्ही परत याल तेव्हा यंत्र कुरकुरू नये, एवढं मला करून ठेवायचं होतं, म्हणजे न येण्याचं एक तरी कारण कमी झालं असतं.

आमच्या ग्रंथालयात कॉम्प्युटरवरचं एक जाडजूड पुस्तक आहे, बारा वर्षांत कोणी नेलेलं नाही. त्याच्या मागच्या खिशात एक सीडी होती, अजून तशीच चकचकीत. मी ते रीतसर माझ्या नावावर नोंदवून घेतलं. सीडी घातली तर पडद्यावर दोन आडव्या पट्ट्या आल्या. वरची ‘माझं’, काठोकाठ भरलेली. खालची ‘हिचं’, जवळजवळ सगळी रिकामी, डाव्या कडेला केसाएवढी एक रेघ सोडून. आता मामा, बावीस वर्षं मी पुस्तकं लावते आहे. एक फळी वाकलेली आणि शेजारची रिकामी, मध्ये नुसतं एक पातळ फळकूट, हे दृश्य मला बघवत नाही. दुसऱ्यांच्या घरी चहा प्यायला गेले तरी माझे हात शिवशिवतात. पुस्तकात लिहिलं होतं की मधली भिंत काढून दोन्ही भाग एक करता येतात. त्याच्या आधी, ठळक अक्षरांत, असंही लिहिलं होतं की सर्व सामानाची दुसरी प्रत काढून ठेवावी. तुमचे फोटो माझ्या पेनड्राइव्हवर मावेनात. आणि ‘हिचं’मधली ती रेघ जी काय होती, तिची प्रत काढायची तर आत जावं लागणार होतं. आत जाऊ नये असा तर नियम. म्हणजे बघा, दुसऱ्याच्या कपाटाचं दार उघडायला नको म्हणून मी भिंतच पाडायला घेतली. हे वाक्य मी तेव्हा विचारात घेतलं असतं तर हे पत्र एका पोस्टकार्डात मावलं असतं.

अकरा वाजून नऊ मिनिटांनी पडद्यावर प्रश्न आला, ‘नक्की ना?’ मला आयुष्यात इतकं सरळ कोणी विचारलेलं नाही. लग्नाच्या वेळीही नाही. मी अकरा मिनिटं विचार केला. नक्की नव्हतं. पण नक्की नसताना मी पुष्कळ गोष्टी केल्या आहेत आणि त्यातल्या काही बऱ्या निघाल्या, असं म्हणून मी ‘हो’ दाबलं. काम सुरू झालं. खाली टक्के सरकू लागले आणि वर तांबड्या अक्षरांत सूचना आली, की काम पूर्ण होईपर्यंत यंत्र बंद करू नये.

साडेअकरा वाजले. अडतीस टक्के झाले होते.

आता माझी परिस्थिती ध्यानात घ्या. एकीकडे तांबडी अक्षरं. दुसरीकडे तुमचं अक्षर, खाली दोन रेघा, अपवाद नाही. मी एकदा हा कागद वाचला, एकदा तो पडदा वाचला. मनात आलं की मामांनी नियम केला तेव्हा ही वेळ त्यांच्या डोळ्यांसमोर नसणार. लगेच दुसरं मन म्हणालं, प्रत्येक नियम मोडणारा हेच म्हणतो. मग मी तुलना केली. या पडद्यावरच्या सूचनेला मी दहा मिनिटांपासून ओळखते, मामांना शेहेचाळीस वर्षांपासून. मी यंत्र बंद केलं. अकरा एकतीसला. (एक मिनिट उशीर झाला याचीच मला दिवसभर चुटपुट लागून राहिली होती. यावरून कळेल की मला काय झालंय याची किती कल्पना होती.)

पुढच्या रविवारी पेन्सिलीने बटण दाबलं. पंखा दोनदा खोकला. काळा पडदा, त्यावर पांढरं एक वाक्य की सुरू करण्याजोगं काहीच सापडत नाही, आणि त्याखाली एक लहानशी रेघ, लुकलुकणारी. मी तुमच्या नियमाप्रमाणे अर्धा तास तिच्यासमोर बसले. आज ना उद्या काहीतरी बोलेल असं तोंड करून ती लुकलुकत होती. साडेअकराला मी बंद केलं, खोळ घातली आणि स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले. (थोडी म्हणजे घड्याळ पाहिलं नाही.) कारण तुमचे फोटो तर गेलेच, पण ती केसाएवढी रेघ मामींची होती, आणि ती काय आहे हे मला माहीत नव्हतं. काय हरवलं हेच माहीत नसताना माफी कशाची मागायची?

यंत्र टेलिफोनकाकांकडे न्यायचं ठरवलं. तेच ते, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, शिंप्याच्या दुकानाशेजारी जिन्याखाली यंत्रं दुरुस्त करत बसतात. उचलून न्यायला आमचे हे आले. जिना उतरताना मी मागून “हळू, हळू” म्हणत होते. शेवटच्या पायरीवर हे थांबले आणि म्हणाले, “पोरीला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तू इतक्यांदा हळू म्हणाली नव्हतीस.” मी म्हटलं, तेव्हा ती मी बिघडवलेली नव्हती.

टेलिफोनकाका यंत्राकडे न बघता आधी माणसाकडे बघतात. म्हणाले, “शेवटचं काय केलंत? काही नाही म्हणू नका. काही न करता बंद पडलेलं यंत्र मी अजून बघितलेलं नाही.” मी दैनंदिनीचं पान पुढे केलं. चौदा मुद्दे, वेळेसकट. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं. बाराव्या मुद्द्यावर, जिथे मी तुमच्या नियमाचा आणि तांबड्या अक्षरांचा तुलनात्मक विचार केला आहे, तिथे ते बराच वेळ थांबले. मग चष्मा काढून पुसला. “बाई,” ते म्हणाले, “इतकं खरं बोलणारं गिऱ्हाईक मला आजवर मिळालं नव्हतं. आणि इतकं आज्ञाधारकही नाही. दोन्ही एकाच माणसात असणं यंत्राला धोक्याचं आहे.”

नंतर त्यांनी समजावून सांगितलं. भिंत पाडताना यंत्र एका बाजूचं सामान उचलून दुसरीकडे नेत होतं, मी मध्येच दिवा घालवला. सामान बहुतेक जागेवरच आहे, पण कुठे काय ठेवलंय याची यादी फाटली आहे, आणि सुरुवात कुठून करायची हे त्या यादीतच असतं. मामा, पुस्तकं सगळी फळ्यांवर आहेत पण तालिका जळली, अशी स्वप्नं मला नोकरीच्या पहिल्या वर्षी पडायची. ते स्वप्न मी स्वतःच्या हाताने खरं केलं होतं, आणि तेही घरच्या ग्रंथालयात. ते पुढे म्हणाले, “ही भिंत मीच घातली होती. तुमच्या मामींचे तक्रार-अर्ज मामांच्या झाडाच्या फोटोंवर येऊन पडायचे. पाणी खात्याला, बस खात्याला, पायपुसणं बनवणाऱ्याला. दोघं दोन दिवस बोलत नव्हती. मला बोलावलं, मी मध्ये भिंत घातली. जाताना तुमच्या मामींनी मला विचारलं, या भिंतीला दार आहे का? म्हटलं, आहे की, दोघांनाही उघडता येतं.”

तीन आठवडे लागले. ते संध्याकाळी एकच तास या कामाला देत, आणि ग्रंथालय बंद करून मी तिथे स्टुलावर जाऊन बसत असे. बोलायला मनाई होती. मी नुसता मोठ्याने श्वास सोडला तरी ते मान वळवत. त्यांनी बाहेरून एक पेनड्राइव्ह लावून यंत्र उसन्या अकलेवर सुरू केलं आणि आतलं सामान चाचपत बसले. पहिल्या आठवड्यात काहीच नाही. दुसऱ्यात एकदम ‘माझं’ सापडलं. तुमचं झाड! एकाच खिडकीतून काढलेले एकाच झाडाचे चार हजार एकशे बारा फोटो, त्यांतले चार हजार एकशे सहा शाबूत. धड आहेत की नाही हे बघायला ते एकेक सरकवत होते. सातशे झाडं झाल्यावर म्हणाले, “तुमचे मामा एखाद वेळी रस्त्याचाही काढू शकले असते.” मला मात्र तेव्हा उजवी कड दिसायला लागली होती. कितीतरी फोटोंमध्ये उजवीकडे खिडकीच्या कट्ट्यावर एक कोपर आहे. आधी वाटलं एखाद्यात चुकून आलंय. पण ते कोपर रोज तिथे आहे, शेजारी कपाची कड, कधी बाही वर सरकवलेली, कधी शाल. आणि एका तारखेनंतर नाही. नंतरच्याही फोटोंत तुम्ही उजवीकडे तेवढीच जागा सोडलेली आहे, मामा. झाड मधोमध घेतलं असतं तर जास्त चांगलं दिसलं असतं, हे मी यापूर्वी तुम्हाला दोनदा सुचवलं होतं. ते दोन्ही वेळचं मी मागे घेते.

(जे सहा गेले त्यांच्या तारखा मी लिहून ठेवल्या आहेत. सहाही कोपर नसलेल्या दिवसांचे आहेत. हे मी तीन वेळा पडताळून पाहिलं.)

यंत्र मात्र सुरू व्हायला तयार नव्हतं. यादी पुन्हा लिहून झाली, तरी पेन्सिलीने दाबलं की काळा पडदा. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा टेलिफोनकाकांनी पेन्सिल बाजूला ठेवून बोटाने दाबलं, तुमचा नियम मोडून, आणि ते सुरू झालं. त्याचा यात काही संबंध नसावा. मी फक्त नोंद करते आहे. ‘हिचं’ सगळ्यात शेवटी सापडलं, परवा. ते चकित झाले. म्हणाले, “इथे तर शंभर-दीडशे तक्रारी होत्या. एक नाही. कोणी उडवलेल्याही नाहीत, एकेक नीट काढून टाकल्यात. झाडून-पुसून ठेवलीय ही बाजू.” आणि ज्या दिवशी झाडली, ती तारीख मामींना दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या आठवड्यातली होती. मी जिला रिकामी फळी समजले ती रिकामी नव्हती मामा, ती आवरलेली होती. हा फरक मला कळायला हवा होता. मला त्याचाच पगार मिळतो.

आणि तिथे एक फाइल होती. ती केसाएवढी रेघ. मी स्टूल उलटं फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले आणि म्हटलं, शाबूत आहे का एवढंच सांगा, वाचू नका. थोड्या वेळाने ते म्हणाले, “शाबूत आहे. पत्र आहे. तुमच्या मामांना लिहिलंय.”

म्हणजे चार वर्षं ते पत्र तिथे आहे, तुमच्या हातापासून एका दाराच्या अंतरावर, आणि तुम्ही ‘मीही जात नाही’ म्हणून रोज त्याच्या अलीकडे झाडं साठवत बसलात. टेलिफोनकाका म्हणाले, “त्यांना वाटलं असणार, मी गेल्यावर आठ दिवसांत हा माणूस इकडे डोकावेल. तुमचे मामा सरळ निघाले.” तुमचा मला राग आला, आणि त्याच क्षणी हेही कळलं की मी तुमच्याच वळणावर गेले आहे. आपल्या दोघांनाही दार उघडण्यापेक्षा नियमाशेजारी बसून राहणं सोपं जातं.

यंत्र आता घरी आहे, टेबलाखाली, खोळ घालून. भिंत टेलिफोनकाकांनी होती तिथेच परत घातली, मीच तसं सांगितलं. आज अकराला सुरू केलं, साडेअकराला बंद केलं. पत्र मी वाचलेलं नाही. छापूनही काढलेलं नाही. ते जिथे ठेवलं होतं तिथेच आहे.

घोटा जपा. ताईला, तिच्या घरच्यांना नमस्कार. मोठ्यांना वाकून, लहानांना नुसता.

तुमची,
नोंदवही

ता. क. : यंत्र दुकानात होतं ते तीन रविवारही मी इथे येत होते. अकराला खुर्चीवर बसायचं, समोर नुसतं टेबल, साडेअकराला उठायचं. यातला एकही रविवार मला मोकळा वाटला नाही. हे कशासाठी लिहिते आहे ते पुढच्या ता. क. मध्ये येतं.

दुसरा ता. क. : ताईने मला गळ घातली होती की या पत्रात मी तुम्हाला कायमचं तिकडेच राहण्याबद्दल पटवून द्यावं, घर बंद करून टाकू, तुमची काळजी मिटेल. मी शब्द दिला होता, आणि तो मोडणार नाही. मामा, तिकडेच राहा. (एकदा लिहायचं ठरलं होतं, एकदा लिहिलं.) आता माझं ऐका. डॉक्टरांनी परवानगी दिली की या. जिना चढायला हे आहेत, आणि मागून “हळू” म्हणायला मी आहे.

तिसरा ता. क. : वर एके ठिकाणी मी पूर्ण खरं लिहिलेलं नाही, आणि पाकीट बंद करता येईना. मी पत्र वाचलेलं नाही हे खरं, पण टेलिफोनकाकांना पहिली ओळ दिसली होती आणि मी निघताना त्यांनी ती मला सांगितली. मी कान झाकायला हवे होते. हातात पिशव्या होत्या. (एकच पिशवी होती.) बाकीचं काय आहे ते मला माहीत नाही, ते तुम्ही येऊन वाचा, स्वतःच्या खुर्चीत बसून. पहिली ओळ अशी आहे :

“अहो, आलात ना शेवटी माझ्या बाजूला? पाय पुसलेत का?”